हेडलाइट अपग्रेड करायचाय? कायद्यात काय बसतं, काय नाही, आणि पैसे कुठे घालावेत

रात्री गाडीच्या हेडलाइटमध्ये धड काही दिसत नाही ही तक्रार एच-फोर (लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये) हॅलोजनवाल्या छोट्या गाड्या चालवणारे जवळपास सगळेच करतात आणि ती खोटी नाहीये. पावसाळ्यात कशेडी किंवा आंबोली घाट उतरताना ओला डांबरी रस्ता सगळा प्रकाश गिळून टाकतो, पांढरे पट्टे पुसले गेलेले असतात, आणि समोरून कोणीतरी अपर (हाय बीम) टाकून येतं. मग माणूस अॅक्सेसरीजच्या दुकानात जातो, तिथे एलईडी बल्ब, एचआयडी किट (तारेऐवजी गॅसमधून प्रकाश देणारे बल्ब), ९०/१०० वॅटचे बल्ब, प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला दिवा) असं सगळं मांडलेलं असतं आणि सगळंच "चालतं साहेब, कोणी पकडत नाही" असं सांगून विकलं जातं. पकडतात की नाही हा प्रश्न मी बाजूलाच ठेवतोय, नियमात काय बसतं आणि रस्त्यावर खरंच काय जास्त दिसतं या दोन गोष्टी धरून तुलना करतो.

कायद्याचं आधी बघू कारण तिथेच निम्मे पर्याय बाद होतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीने जे स्पेसिफिकेशन दिलंय आणि आरसीवर जे नोंदलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं, की मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडी बदलता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात नियमात न बसणारा बदल केला, बाहेरून पार्ट बसवला तरी, तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दर बदलामागे हे नीट वाचा, म्हणजे बल्ब वेगळा आणि वरचे जादा दिवे वेगळे.

आणि दिव्यांचा खास नियम म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा. त्यात चक्क मापं दिलीयत. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तुमचा दिवा दिपवता कामा नये. आपण डावीकडून चालतो, म्हणजे ती जागा साधारण समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची झाली. तेव्हा बल्ब कुठल्या कंपनीचा किंवा किती महागाचा याला इथे काही अर्थ नाही. दिवा आणि त्यातला बल्ब ही जोडी एकत्र तपासून मंजूर झालीये का, आणि समोरच्याला दिपतं का, एवढंच बघायचं. ही तपासणी जिथे होते त्यातली एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे, एआरएआय, १९६६ पासूनची. दिव्यांचे, बल्बचे, ते गाडीवर कुठे बसवायचे याचे सगळे स्टँडर्ड ठरलेले आहेत, हे काही हवेत नाहीये.

आता एकेक पर्याय.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा म्हणजे हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब. माझं मत स्पष्ट आहे, हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घालू नका. एच-फोर बल्ब हातात घेऊन बघा, आत दोन तारा असतात आणि लो बीमच्या (डिपरच्या) तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. त्या वाटीमुळे लो बीमचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या (आतल्या आरशाच्या) फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा मिलीमीटरमध्ये धरून बनवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये गोल तार नसते, पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात, त्या जागेत आणि आकारात थोड्या जरी इकडेतिकडे झाल्या तरी प्रकाश नको तिथे फेकला जातो, कटऑफची रेघ, म्हणजे प्रकाश जिथे वर संपतो ती कड, विस्कटते आणि समोरच्या स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यात जातं. तुम्हाला मात्र वाटतं वा, काय लख्ख दिसतंय, कारण बंपरच्या पुढचे दहा-पंधरा मीटर पांढरेफटक होतात. पण तेच घात करतं, जवळचं जास्त उजळलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी काळं दिसायला लागतं. ८० च्या स्पीडला तुम्हाला लांबचं दिसायला हवंय.

बॉक्सवर सीई छापलेलं असतं ते बघून लोक फसतात. सीई ही काही रस्त्यावर वापरायची मंजुरी नाही. मंजुरीची खूण म्हणजे गोलात ई आणि शेजारी आकडा, आणि ती बल्बवर किंवा दिव्याच्या काचेवर असते. काचेवर एचसीआर लिहिलं असेल तर तो दिवा हॅलोजनसाठी मंजूर झालाय, डीसीआर असेल तर एचआयडीसाठी. एचसीआरवाल्यात दुसरं काही घातलं की ती मंजुरी तिथेच संपली. जर्मनीत चालतं मग इथे का नाही असं काही जण म्हणतात, तर तिथे २०२० पासून काही मोजक्या एलईडी बल्बना परवानगी मिळाली हे खरंय, पण ती ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटपुरती, यादी बघून. त्या बल्बची मंजुरी आपल्या इथल्या गाडीला लागू होत नाही.

एचआयडी किटबद्दल फार लिहीत नाही. ३५ वॅटचा बल्ब असला तरी प्रकाश ३,००० ल्युमेनच्या (प्रकाश मोजायचं एकक) आसपास जातो, एच-फोर हॅलोजनचा लो बीम १,००० ल्युमेनचा असतो, म्हणजे जवळपास तिप्पट प्रकाश त्याच रिफ्लेक्टरमध्ये कोंबायचा. युरोपात २,००० ल्युमेनच्या वर गेलं की दिवा आपोआप खालीवर करणारी लेव्हलिंग आणि काच धुणारा फवारा कंपनीला द्यावाच लागतो, आणि इथे आपण यातलं काहीच न घेता नुसता बल्ब आणि बॅलास्ट (त्याला वीज पुरवणारा डबा) बसवतो. नको.

९०/१०० वॅटचे हॅलोजन, ज्याला लोक रॅली बल्ब म्हणतात, हे जुनं प्रेम आहे, हायवेवर कायम गाडी चालवणारे अजूनही त्याचं कौतुक करतात. प्रकाश भरपूर येतो, फोकसही तुलनेने बरा राहतो कारण तार जागेवरच असते. पण मंजूर बल्ब ६०/५५ चा (हाय बीम ६० वॅट, लो ५५) आहे आणि या बॉक्सवर स्वतः कंपनीच ऑफ-रोड वापरासाठी असं छापते, म्हणजे कायद्याचा प्रश्न तिथेच मिटला. शिवाय ५५ चे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर खेचतात, ९० चे दोन १५, आणि ही वाढ कंपनीच्या बारीक वायरिंगवर टाकली की होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक जाते, स्विच तापतो. रिले किट (बॅटरीवरून थेट वेगळी जाड वायर) टाकून वायरिंग वाचवता येतं पण वॅट तेच राहतात आणि रिफ्लेक्टर शेकायचा थांबत नाही. वायर कापलेली असेल आणि पुढे गाडीला आग लागली तर विम्याच्या सर्व्हेअरची नजर पहिली तिथेच जाणार.

मग नियमात राहून काय करता येतं? इथे खरं तर चांगल्या गोष्टी आहेत, पण दुकानदाराला यात फारसे पैसे सुटत नाहीत म्हणून कोणी सांगत नाही. ६०/५५ चेच पण जास्त चांगले हॅलोजन मिळतात, नावात प्लस १३० किंवा १५० असं काहीतरी असतं. तो आकडा म्हणजे एकूण प्रकाश दुप्पट-अडीचपट झाला असा नाही, रस्त्याच्या ठरावीक भागात जास्त पडतो. तार बारीक आणि नेमकी गुंडाळलेली असते म्हणून थ्रो लांब जातो, आणि त्याच कारणाने आयुष्य कमी असतं, रोज रात्री चालवणाऱ्याला लवकर बदलावे लागतात. वॅट मूळचेच, मंजुरीची खूण बल्बवर असलेली, वायरिंगला हात नाही. निळसर काचेवाले पांढरे हॅलोजन मात्र टाळा, निळा थर प्रकाश अडवतो आणि पावसात तर पिवळसरच बरा वाटतो.

त्याच्याही आधी हेडलाइटची काच बघा. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी धुरकट होते, त्यात प्रकाश अडतो आणि विखुरतो. पॉलिश करून घ्या, पण त्यावर यूव्ही कोटिंग करायला सांगा, नाहीतर काही महिन्यांत परत तेच. विंडशील्ड आतून पुसा, आतला तेलकट थर समोरच्या दिव्याचा झगमगाट कितीतरी वाढवतो.

आणि एमिंग, म्हणजे दिव्याचा नेम बरोबर लावणं! हे कोणी करतच नाही. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटजवळ किंवा बॉनेटखाली दिव्याच्या चित्रासोबत १.०% किंवा १.२% असा आकडा असतो. सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, लेव्हलिंगचं बटण शून्यावर, चालक सीटवर. आकडा १% असेल तर भिंतीवरची कटऑफची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली यायला हवी, डावीकडे ती थोडी वर चढते ते बरोबर आहे, फूटपाथच्या बाजूची माणसं दिसावीत म्हणून. अॅक्सिडेंटनंतर किंवा बंपर काढून काम झाल्यावर दिवे हमखास हललेले असतात. जास्त खाली गेलेला दिवा वर आणला तर त्याच जुन्या बल्बमध्ये जमिनीवर कितीतरी लांब प्रकाश जातो, फुकटात. मागे माणसं आणि सामान भरलं की बटण १ किंवा २ वर घ्यायचं, ते त्यासाठीच दिलंय.

एवढं करूनही भागत नसेल आणि बजेट असेल तर त्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटचा अख्खा ओरिजिनल हेडलाइट, एलईडी किंवा प्रोजेक्टरवाला. दिवा आणि प्रकाशाचा स्रोत एकत्र मंजूर झालेले, त्याच गाडीच्या तोंडासाठी, त्यामुळे कलम ५२ च्या बाजूने यात सगळ्यात कमी धोका आहे. महाग आहे, आणि कनेक्टर वेगळे असतात, काही गाड्यांत कॉम्प्युटरला सांगावं लागतं की आता एलईडी आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि ते करून देत असतील तर बिलावर पार्ट नंबर घ्या. बाहेर हेडलाइट फोडून, भट्टीत तापवून आत प्रोजेक्टर बसवून देतात ते वेगळं. कटऑफ सुरेख येतो हे मान्य, एलईडी बल्बपेक्षा समोरच्याला त्रास खूप कमी, पण कागदावर तो दिवा आता कोणीच तपासलेला नाही, आणि सीलिंग नीट झालं नाही तर पहिल्याच पावसात आत वाफ धरते.

घाटातल्या धुक्यासाठी बंपरमधले पिवळे फॉगलॅम्प चांगले, कंपनीच्या जागेत, हेडलाइटपेक्षा खाली, आणि धुकं संपलं की बंद. टपावर किंवा बुलगार्डवर लावलेले लाइट बार आणि सर्चलाइट रस्त्यावर चालत नाहीत, नियम १११ पुढच्या बाजूच्या स्पॉटलाइटला आरटीओच्या आगाऊ मंजुरीशिवाय बंदीच घालतो.

तर कोणी काय करावं. शहरातच चालवत असाल तर काच आणि एमिंग, बास, नवा बल्बही नको. महिन्यातून दोन-चारदा रात्री हायवे होत असेल तर त्यात चांगले ६०/५५ हॅलोजन. रोज रात्री मुंबई-गोवा किंवा समृद्धीवर असाल आणि गाडी अजून पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर ओरिजिनल एलईडी हेडलाइटचा हिशोब नक्की करून बघा. जुनी गाडी असेल आणि १५ वर्षांचं री-पासिंग जवळ आलं असेल तर काहीही नवीन लावू नका, तिथे दिवे तपासतात.

सेकंडहँड गाडी घेताय आणि मालकाने आधीच एलईडी घातलेत? बॉनेट उघडून होल्डर वितळलाय का, मागचं रबरी बूट कापलंय का, वायरला टेप गुंडाळलीये का ते बघा. बल्बच्या पंख्यासाठी ते बूट बरेचदा कापलेलं असतं आणि तिथून आत धूळ-पाणी जातं. जुने हॅलोजन आणि बूट मागून घ्या, नसतील तर त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा, आणि गाडी नावावर करण्याआधीच मूळचे बल्ब परत बसवून एमिंग करून घ्या.