जुन्या निगेटिव्हसाठी एप्सन व्ही६००: गावाकडच्या स्टुडिओने हा स्कॅनर घ्यावा का?

ज्या स्टुडिओत १२० च्या रोलची (३५ मिमीपेक्षा रुंद फिल्मची) चौकोनी निगेटिव्ह डबे भरून पडली आहेत, त्यांनी हाच फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर घ्यावा. ३५ मिमीच्या सहा-सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या किंवा चार स्लाइड एका वेळी बसतात.

स्कॅनरच्या डब्यावर ६४०० डीपीआय (इंचाला ठिपके) लिहिलंय, पण खरा तपशील त्याच्या चौथाईच्या आसपासच मिळतो. २४०० वर स्कॅन करा. त्यापुढे फक्त फाइल फुगते: ३५ मिमीच्या एका रंगीत फ्रेमची १६-बिट टिफ २४०० वर सुमारे ४६ एमबी, ६४०० वर ३३० च्या घरात. ३५ मिमीची ५×७ इंची प्रिंट छान येते, ८×१२ नरम पडते. १२० च्या निगेटिव्हला मात्र मोठी प्रिंटही शोभते.

झाकणातली पांढरी पाटी आधी काढा, नाहीतर फिल्म स्कॅनच होत नाही. चकचकीत बाजू खाली ठेवा. होल्डरच्या (फिल्म धरणाऱ्या चौकटीच्या) वरच्या टोकाची मोकळी खाच झाकली किंवा तिथे धूळ बसली, की रंग बिघडतात नि रेघा पडतात. जिनिंगजवळच्या गावात रुईचे तंतू सगळीकडे उडतात, म्हणून काच दर खेपेला पुसा. डिजिटल आइस हे स्कॅनरमधलं धुळीचे डाग काढणारं तंत्र इन्फ्रारेडने धूळ ओळखतं. चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ते बंदच ठेवा, कारण चांदीही इन्फ्रारेड अडवते. तिथे ब्लोअरच कामाचा. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्यात घालू नका, इमल्शन (चित्राचा थर) सुटतं.

छपाईसाठी घरी इंकजेट प्रिंटर घेऊ नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात पडून राहिला की नोझल सुकतात. फाइल नागपूर-अमरावतीच्या लॅबला द्या.