इतवारीतल्या जुन्या सामानातले खल: कामाचा कोणता, कपाटातला कोणता

नागपूरच्या इतवारीत मोडीची आणि जुनी भांडी विकणाऱ्या या दुकानात एक फळी वैद्यांच्या आणि जुन्या दवाखान्यांतल्या कंपाउंडरांच्या अवजारांची आहे. पितळी खलबत्ते, काळ्या दगडाचे नावेच्या आकाराचे खल, चिनी मातीचे पांढरे खल, हातात धरायचे ताजवे, गोळ्या पाडायची खाचांची पाटी. माल अस्सल आहे. बत्त्याच्या टोकाची झीज पाहिली की हे कळतं: माणसाचा हात एकाच लयीत फिरतो, त्यामुळे टोक एका अंगाला जास्त घासलेलं असतं. नवा बत्ता घासून जुना केला, तर झीज सगळीकडून सारखी दिसते.

पण अस्सल म्हणजे वापरायला योग्य, असं नाही. खल ज्याचा बनलेला असतो, ते थोडं थोडं औषधात उतरत असतं.

पितळी खल दिसायला देखणे आहेत, आणि पितळी भांड्यांचं भंडारा शेजारी असल्यामुळे पितळेची पारख इकडे घरोघरी असते. वाळलेली सुंठ किंवा ज्येष्ठमध ठेचण्यापुरते ते ठीक. आवळा, लिंबाचा रस असं आंबट त्यात घोटू नये. पितळी भांड्यात आंबट कळकतं, ते स्वयंपाकघरात ठाऊकच असतं. इथे तर तोच पदार्थ तासन्‌तास घोटायचा असतो. भांड्याला कल्हई करता येते, खलाला ती टिकत नाही, बत्ता ती खरवडून काढतो. शिवाय जुन्या ओतीव पितळेत शिसं असू शकतं. लोखंडी खलाची अडचण वेगळी: हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की त्रिफळा काळा पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच गुणावर बनायची.

दगडी खल ही या फळीवरची सर्वांत सुंदर वस्तू, आणि जपूनही तिच्याच बाबतीत राहायचं. असल्या खलात पारा-गंधकाची कज्जली, म्हणजे काळी भुकटी, घोटली जायची, हरताळ आणि बचनाग ही विषारी द्रव्यंही. दगडाला सूक्ष्म छिद्रं असतात, आणि आत मुरलेलं धुऊन निघेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. खलात आधी काय घोटलं गेलं हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. म्हणून जुना दगडी खल कपाटात ठेवायला घ्यावा, पोटात जाणाऱ्या औषधासाठी नवा घडवलेला घ्यावा. घेताना नाण्याने टिचकी मारा: आवाज बद्द आला तर आत चीर आहे. काही खलांना काळं पॉलिश फासलेलं दिसतं. स्पिरिटचा बोळा फिरवला की ते निघतं आणि लपवलेली चीर उघडी पडते. नव्या दगडी खलात आधी मूठभर कोरडे तांदूळ घोटावे. पीठ करडं निघालं तर ते टाकून पुन्हा नवे तांदूळ घ्यावे, पांढरं निघेपर्यंत.

कामासाठी या दुकानातून घ्यावा तो चिनी मातीचा खल. बाहेरून चकचकीत, आतून खरखरीत असाच निवडा. आतूनही चकाकणारा असेल तर चूर्ण बत्त्याखालून निसटत राहतं. ही माती पक्की भाजलेली असल्यामुळे मुरवून घेत नाही. आत डाग दिसला तर मात्र तो खल सोडा. बत्त्याच्या टोकाला ओला गेरू लावून तो खलाच्या तळात फिरवा. खूण रुंद उमटली पाहिजे. नुसता ठिपका किंवा बारीक कडं उमटलं, तर बत्ता दुसऱ्या खलाचा आहे. आणि इथे बत्ते सर्रास बदललेले असतात. लाकडी मूठ हलवूनही पाहा, सांध्यातलं लुकण सुटलेलं असतं.

अशा खलाची खरी परीक्षा खोकल्यावरच्या सितोपलादि चूर्णाने होते. ६२ ग्रॅमसाठी दालचिनी २, वेलदोड्याचे दाणे ४, पिंपळी ८, वंशलोचन (बांबूच्या पेरातला पांढरा खडा) १६ आणि खडीसाखर ३२ ग्रॅम. प्रत्येक घटक वेगळा कुटून वस्त्रगाळ करायचा आणि वजन गाळल्यानंतरच करायचं. आधी केलं तर फडक्यावर राहिलेल्या चोथ्याने प्रमाण बिघडतं. वेलदोडा तेलकट असल्याने खलाला पापडी धरतो, ती मधूनमधून खरवडावी लागते. वंशलोचन चिमटीत कचकच लागेनासं होईपर्यंत घोटायचं. मिसळताना सुरुवात दालचिनीपासून. वेलदोडा दोन हप्त्यांत घाला, मग पिंपळी, वंशलोचन, शेवटी साखर. खलात ६ ग्रॅम असताना ८ पडतात, १४ असताना १६, ३० असताना ३२. जेवढ्यास तेवढं पडत गेल्यामुळे दोन ग्रॅम दालचिनी सगळीकडे सारखी पसरते. ही सोय मूळ प्रमाणातच आहे, आणि ती पाहून मन भरून येतं. सगळं एकदम ओतून ढवळलं तर एका चिमटीत दालचिनी, दुसरीत नुसती साखर. खल एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. आणि हे काम नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात साखर ओल धरते आणि चूर्णाचे खडे होतात.

ताजवे चांगले आहेत. तीच वस्तू दोन्ही पारड्यांत आलटून-पालटून तोला. वजन बदललं तर दांडीचे हात असमान आहेत. तोळ्याची जुनी वजनं ११.६६ ग्रॅमची, आणि आजच्या आयुर्वेदिक सूत्रांत तोळा १२ ग्रॅम धरतात. दोन्ही एकाच कृतीत मिसळू नका.

गोळ्यांच्या पाटीत वरच्या आणि खालच्या खाचा तंतोतंत जुळतात का, एवढंच बघायचं. जोडी चुकलेली असेल तर गोळी चपटी पडते. दुकानातल्या दोन पाट्यांपैकी एकीची जोडी चुकलेली आहे.