टोपाखालचं डोकं : आंद्रे आगासीचं ‘ओपन’

जून 1990, पॅरिस. फ्रेंच ओपनची फायनल उद्यावर आलेली आणि वीस वर्षांच्या अमेरिकन टेनिसपटू आगासीच्या हातात केस येताहेत. स्वतःचे नाहीत, टोपाचे. चुकीचं कंडिशनर लागलं आणि टोपाची वीण सुटली. भाऊ फिली पिना मिळवून आणतो, दोघं मिळून टोप कसाबसा जागेवर बसवतात. दुसऱ्या दिवशी कोर्टवर उतरताना आगासी देवाकडे विजय मागत नाही. टोप डोक्यावर राहू दे, एवढंच मागतो. टोप राहतो, सामना जातो. इक्वेडोरचा आंद्रेस गोमेझ त्याला चार सेटमध्ये हरवतो.

ताठ मानेने लांब केस उडवत फिरणारा, ‘प्रतिमा हेच सर्वस्व’ अशी कॅननच्या कॅमेऱ्याची जाहिरात करणारा हाच तो मुलगा. ‘मी चुकलो, सावरलो, आता वेगळा माणूस आहे’ छापाच्या सेलिब्रिटी आत्मचरित्रांच्या ढिगातून ‘ओपन’ वर का येतं, ते या दोन-तीन पानांत कळतं. बाकीच्या पुस्तकांत लाज हा नुसता शब्द असतो. इथे ती पिनांनी टोचते.

पुस्तक नोव्हेंबर 2009 मध्ये अमेरिकेत नॉफ या प्रकाशनाने काढलं. चारशेच्या आसपास पानं, इंग्रजी सोपं, वाक्यं छोटी. घेण्याआधी एक गोष्ट माहीत असलेली बरी: संवादांना अवतरणचिन्हंच नाहीत, आणि सगळं कथन वर्तमानकाळात. सुरुवातीच्या वीस-तीस पानांत कोण बोलतंय आणि कोण मनात म्हणतंय, याचा गोंधळ उडतो. तेवढी पानं जरा सावकाश वाचा, मग कान तयार होतो. या युक्तीचा लेखकाला फायदाही आहे. वर्तमानकाळात लिहिलं की ‘तेव्हा मला कळायला हवं होतं’ असले शहाणपणाचे उसासे टाकायला जागाच उरत नाही. सात वर्षांचा मुलगा सात वर्षांचाच राहतो.

लिहिणारे हात आगासीचे नाहीत. शब्दांकन अमेरिकन पत्रकार जे. आर. मोरिंगर यांचं, आणि पुस्तकाच्या शेवटी आगासीने ते मोकळेपणाने सांगितलंय. मुखपृष्ठावर नाव घाला असं त्यानेच सुचवलं होतं, मोरिंगर यांनी नकार दिला. पुढे नायकेचा संस्थापक फिल नाइटचं आणि 2023 मध्ये आलेलं प्रिन्स हॅरीचंही आत्मचरित्र याच माणसाने लिहून दिलं. आपल्याकडे शब्दांकन हा शब्द अजून थोडा चोरून वापरतात. पण हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं म्हणून ते हंसाबाईंचं कमी झालं नाही. शब्दांकनकाराचं खरं काम वाक्यं घासूनपुसून देण्याचं नसतंच. सांगणारा जे उडवून लावतो तिथे त्याला परत आणून बसवायचं आणि ‘पिना किती होत्या?’ असं विचारायचं, हे ते काम.

पहिला भाग सर्वांत दणकट आहे. वडील माइक आगासी इराणचे, 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेले बॉक्सर, नंतर लास वेगासच्या कॅसिनोत नोकरी. घर घेताना त्यांनी खोल्या पाहिल्या नाहीत, मागच्या अंगणात टेनिस कोर्ट बसतं का ते मोजलं. चेंडू फेकायचं यंत्र त्यांनी स्वतः खटपट करून बदललं. ताशी 110 मैल वेग आणि बूड मुद्दाम उंच केलेलं. यंत्र उंच असल्यामुळे चेंडू पोराच्या पायाशी तीव्र कोनात आदळतो आणि वेळेत फटकावला नाही तर डोक्यावरून निघून जातो. म्हणजे टप्पा पडल्या पडल्या, चेंडू वर चढत असतानाच मारायचा, दुसरा इलाज नाही. सर्व्हिस परतवण्यात पुढे ज्या आगासीला तोड नव्हती, त्याचं मूळ या अंगणात आहे. हिशोब रोज 2,500 चेंडूंचा, म्हणजे आठवड्याला 17,500. वर्षाचे होतात 9,10,000, पुस्तक त्याला ‘जवळपास दहा लाख’ म्हणतं. या मुलाने ‘मला टेनिसचा तिटकारा आहे’ असं पानोपानी म्हटलं तर ते नखरे वाटत नाहीत.

आता वादाचा भाग, ज्यासाठी पुस्तक खपलं. 1997. अभिनेत्री ब्रुक शील्ड्सशी लग्न, खेळ कोसळलेला, आणि ‘स्लिम’ असं टोपणनाव दिलेल्या मदतनिसासोबत घेतलेलं क्रिस्टल मेथ हे अमली द्रव्य. मग विमानतळावर असताना फोन येतो: चाचणीत सापडलास. या प्रकारच्या नशेला तेव्हा तीन महिन्यांची बंदी होती. आगासी एटीपीला, म्हणजे पुरुष टेनिसपटूंच्या संघटनेला, पत्र लिहितो: स्लिमच्या शीतपेयात काहीतरी मिसळलेलं होतं, मी चुकून प्यालो. एटीपी विश्वास ठेवते, प्रकरण मिटतं.

पत्र खोटं होतं हे तो स्पष्ट कबूल करतो, लाज वाटल्याचंही सांगतो. पण टोपाच्या पिनांपर्यंत जाणारं हे पुस्तक इथे मात्र भराभर पुढे सरकतं. तेव्हा पुरुषांच्या टेनिसमधल्या चाचण्या एटीपी स्वतःच चालवायची. म्हणजे ज्या संघटनेची तिकिटं आगासीच्या नावावर खपायची, तीच त्याची न्यायाधीश. तेच पत्र दोनशेव्या क्रमांकाच्या एखाद्या खेळाडूने लिहिलं असतं तर? हा प्रश्न पुस्तक खोदत नाही. आणि तारखा पाहा. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत कारवाईची मुदत त्या वेळी आठ वर्षांची होती. 1997 च्या गुन्ह्याची मुदत 2005 मध्ये संपली, निवृत्ती 2006 मध्ये, कबुली 2009 मध्ये. पुस्तक आल्यावर टेनिसपटू मरात साफिनने विजेतेपदं-पैसे परत कर म्हणून सुनावलं, मार्टिना नवरातिलोवा चिडली, पण कारवाई करायला कुणाच्या हातात काही उरलंच नव्हतं. 2011 मध्ये तो टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. कबुली खरी असेल, पण ती बिनखर्चाची होती.

या जातीचं कुठलंही पुस्तक हाती घेताना ही तारखांची वजाबाकी आधी करावी. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ 2000 चं. कॅन्सरवर मात केल्याची गोष्ट, जगभर खपलेली. उत्तेजकांच्या प्रकरणात 2012 मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली, जानेवारी 2013 मध्ये त्याने ऑप्रा विन्फ्रीसमोर कबुली दिली. सत्यकथा म्हणून आम्हाला खोटं विकलं, असं म्हणत कॅलिफोर्नियातले वाचक कोर्टात गेले. कोर्टाने त्याच वर्षी दावा फेटाळला. थोडक्यात, आत्मचरित्राला वॉरंटी नसते. त्या मानाने आगासीने निदान जगापुढे न आलेलं प्रकरण स्वतःहून उघड केलं, हे त्याच्या खात्यात जमा धरायला हवं.

दुसरी तपासणी म्हणजे इतरांच्या वाट्याला काय आलं. स्वतःच्या पडझडीवर निर्दय असणारी लेखणी इतरांवरही तशीच चालते, आणि तिथे ती थोडी स्वस्त होते. कोर्टवरचा प्रतिस्पर्धी पीट सॅम्प्रसने गाडी आणून देणाऱ्याला एक डॉलर टिप दिली, हा किस्सा पुस्तकात आहे. मार्च 2010 मध्ये हैतीच्या मदतीसाठीच्या प्रदर्शनी सामन्यात आगासीने तोच टोमणा भर कोर्टवर मारला आणि सगळ्यांची पंचाईत केली. ब्रुक शील्ड्सलाही आपली बाजू मांडायला जागा नाही. ती काम करत असलेल्या ‘फ्रेंड्स’ मालिकेच्या सेटवरून भडकून घरी येऊन त्याने ट्रॉफ्या फोडल्या, तो प्रसंग मात्र स्वतःला न वाचवता लिहिलाय. तिने व्यायामाची प्रेरणा म्हणून फ्रीजवर लावलेला फोटो स्टेफी ग्राफचा, म्हणजे आगासीच्या पुढच्या बायकोचा होता, असले योगायोग कादंबरीत लिहिले तर संपादक कापून टाकेल.

मधला भाग लांबलाय. स्पर्धा, स्कोअर, विमान, पुन्हा स्पर्धा. टेनिस न पाहणाऱ्याने तिथे खुशाल पानं उलटावीत, पण नोव्हेंबर 1997 ला थांबावं. क्रमवारीत 141 वर घसरलेला माणूस आपल्याच गावी, लास वेगासला, चॅलेंजर म्हणजे खालच्या दर्जाची स्पर्धा खेळतो. तिथे गुणफलकाचे आकडेही स्वतः उलटायचे. पुढच्या वर्षअखेरीस तो सहावा असतो, आणि 1999 मध्ये पॅरिसलाच आंद्रेई मेदवेदेवविरुद्ध पहिले दोन सेट 1-6, 2-6 गमावून फ्रेंच ओपन जिंकतो. शेवटी त्याची शाळा येते. 2001 मध्ये लास वेगासच्या गरीब वस्तीत त्याने काढलेली ती शाळा खरी आहे, पण तिथली पानं देणगीदारांच्या पुस्तिकेसारखी झालीत.

घाई असेल तर वाचायचा क्रम असा ठेवा: पहिलं प्रकरण, 1990 ची फायनल, 1997 चं सगळं, 1999, आणि सर्वांत शेवटी पहिल्या प्रकरणाच्याही आधी येणारी पुस्तकाची सुरुवात. तिथे 2006 ची यूएस ओपन आहे, मणक्यात कॉर्टिसोनचं इंजेक्शन घेऊन खेळलेली. सायप्रसच्या बगदातिसला पाच सेटमध्ये हरवल्यावर दोघंही ट्रेनिंग रूममध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर आडवे पडलेत, टीव्हीवर त्यांचाच सामना दाखवताहेत, आणि बगदातिस हात पुढे करतो.