एनटीसी की पीटीसी: तुमच्या सर्किटला कोणता थर्मिस्टर?

थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा घटक, निवडताना आधी एवढंच ठरवा: तापमान मोजायचंय, की काही बिघडलं तर करंट रोखायचाय? याचं उत्तर पक्कं झालं की अर्धी निवड झालीच.

मोजायचं असेल तर एनटीसी. तापमान चढलं की याचा रेझिस्टन्स उतरतो, आणि भराभर उतरतो. सर्रास वापरला जाणारा ३९५० बीटाचा (बीटा म्हणजे रेझिस्टन्स किती भराभर बदलतो याचा आकडा) मण्याएवढा एनटीसी २५ अंशांना १० किलोओहम असतो, ५० ला साधारण ३.६ आणि १०० ला जेमतेम ०.७. खोलीच्या तापमानाला एका अंशामागे ४०० ओहमहून जास्त फरक पडतो, त्यामुळे लांब वायरचा एखादा ओहम जाणवतच नाही. पीटी१०० या प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरमध्ये अंशामागे फक्त ०.३८५ ओहम बदलतात. तिथे वायरचा एक ओहम म्हणजे अडीच अंशांची चूक. भट्टीसारख्या कामाला मात्र पीटी१००च घ्यावा, कारण तेवढी उष्णता साधा एनटीसी सोसत नाही. बॅटरी पॅक, हीटसिंक, खोलीची हवा यांसाठी मी डोळे झाकून एनटीसी सुचवेन.

त्याचा ग्राफ वाकडा असतो म्हणून बिचकू नका, ते काम कोडमधला तक्ता करतो. खरी मेख आहे डिव्हायडरमधल्या, म्हणजे व्होल्टेज वाटून घ्यायला एनटीसीसोबत एकामागे एक जोडलेल्या, दुसऱ्या रेझिस्टरची. १०० अंशांच्या आसपास मोजायचं आणि तिथे १० किलोओहम लावला, तर व्होल्टेज जेमतेम हलतं. १ किलोओहम लावला तर रीडिंग छान उघडतं, पण ५ व्होल्टवर मण्यातच सुमारे ६ मिलिवॉट खर्च होतात. बारीक मणी हवेत असेल तर तेवढ्याने तो स्वतःच दोन-चार अंश तापतो! म्हणून डिव्हायडरला सप्लाय मायक्रोकंट्रोलरच्या एखाद्या पिनवरून, फक्त रीडिंगपुरता द्यावा.

करंट रोखायला पीटीसी; तापमान चढलं की याचा रेझिस्टन्सही चढतो. पॉलीफ्यूज हा त्याचाच प्रकार: करंट वाढला की तापतो, रेझिस्टन्स एकदम उसळतो, आणि सप्लाय काढून थंड झाला की पुन्हा कामाला लागतो. यूएसबी पोर्टला उत्तम. पण त्याला ट्रिप व्हायला, म्हणजे करंट रोखायला, वेळ लागतो, कधी काही सेकंदही; तोवर मॉसफेट (स्विचसारखा वापरतात तो ट्रान्झिस्टर) जळून गेलेला असतो. बंद पेटीत आधीच गरम असेल तर छापील होल्ड करंटच्या (ट्रिप न होता वाहू देतो तेवढ्या करंटच्या) आतही तो ट्रिप होतो, तेव्हा डेटाशीटमधला तापमानाचा तक्ता बघूनच आकडा ठरवा.

यंत्र चालू करताच येणारा करंटचा झटका अडवायला मात्र एनटीसीच लागतो. पॉवर सप्लायमधली ५डी-९ ही चकती थंड असताना ५ ओहम असते, तापली की एका ओहमच्याही खाली येते. लाइट जाऊन लगेच आली तर ती अजून गरमच असते आणि झटका अडत नाही. वारंवार चालू-बंद होणाऱ्या यंत्रात फिक्स रेझिस्टर आणि त्याला बायपास करणारा रिले बरा.

हीटर चालवणार असाल तर वायर तुटल्यावर काय होईल याचा विचार आधी करा. एनटीसीची वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत होतो, कंट्रोलरला वाटतं कडाक्याची थंडी आहे, आणि तो हीटर पूर्ण जोराने लावतो. पीटीसीची तुटली तर ‘फार गरम’ असा अर्थ निघतो आणि यंत्र थांबतं. मोटरच्या वाइंडिंगमध्ये पीटीसी बसवतात त्याचं हेही एक कारण. तरीही एनटीसीच वापरायचा असेल, तर अशक्य इतकं थंड रीडिंग आलं की हीटर बंद करणारी ओळ कोडमध्ये घाला आणि हीटरला चिकटून वेगळा थर्मल फ्यूज बसवा.