ग्लुकोमीटर घेतलं त्याला आता आठ महिने झाले

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या तळपायात बोरीचा काटा चार दिवस तसाच होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. साखरेनं पायाच्या नसांची जाणीव गेली होती. जखम चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्यामुळे मागच्या वर्षी माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची एक तपासणी, ८.४ आलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. हा आकडा साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगतो, पण साखर कशानं वाढली, सकाळच्या पोह्यांनी की रात्रीच्या भातानं, हे त्यातून कळत नाही. ते कळावं म्हणून मीटर घेतलं. पंचवीस पट्ट्या आणि टोचणीचं पेन धरून ८५० रुपये पडले.

वापरायला अगदी सोपं आहे. पट्टी खोचायची, बोट टोचायचं, थेंब पट्टीच्या टोकाला लावला की तो आपोआप आत ओढला जातो आणि पाच सेकंदांत आकडा येतो. टोचताना बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावं, तिथं कमी दुखतं. आधी हात साबणानं धुऊन नीट पुसायचे. एकदा आंबा चिरल्यावर नुसता हात पुसून तपासलं तर २६१ आले! घाबरून हात धुतले, परत तपासलं, तर १४८. बोटाला रस लागला होता, एवढंच.

आता खरी गोष्ट सांगते. पहिला महिनाभर मी जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी तपासत होते. वही घातली होती. बशीभर पोहे, वर चहा: २१८. एकादशीची साबुदाण्याची खिचडी: २४६. हे दोन्ही अपेक्षित होतं. धक्का बसला तो नाचणीच्या सत्त्वानं. ‘मधुमेहाला नाचणी चांगली’ असं जो तो सांगतो, म्हणून मी रोज सकाळी मोठा पेला भरून प्यायचे, साखर न घालता. तरी २०९! त्याच नाचणीची एक भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वाटीभर काकडीची कोशिंबीर खाल्ली तर १५६. सत्त्व करताना कोंडा गाळून जातो, पीठ वस्त्रगाळ होतं, वर ते शिजून पातळ होतं, म्हणून रक्तात लगेच उतरतं. भाकरी चावावी लागते, सोबत डाळ आणि भाजी असते. नुसतं धान्याचं नाव बघून भागत नाही, हे मला या वहीनं शिकवलं. भात मी सोडलेला नाही, चिपळूणला राहून तो सुटणारही नाही. पण आधी कोशिंबीर आणि उसळ, शेवटी एक मूद भात, असा क्रम ठेवला की १७० च्या आत राहते. डॉक्टरांनी मला दोन तासांनंतर १८० च्या खाली ठेवायला सांगितलंय.

हे माझे आकडे आहेत. तुमची वही वेगळी निघेल, आणि ती निघावीच.

अचूकतेचं म्हणाल तर उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथंच मीटरवर बघितलं: लॅब १३८, मीटर १४९. घरच्या मीटरला पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, त्यामुळे मी समाधानी आहे. ही तुलना उपाशीपोटीच करावी. जेवणानंतर बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्या साखरेत मुळातच फरक असतो.

एकदा साखरेची गोळी घेतली आणि लग्नघरी पंगत लांबली. हात थरथरू लागले, घाम फुटला. पर्समधलं मीटर काढलं तर ६४, म्हणजे साखर फार उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी ९२. त्या दिवशी मीटरचे पैसे वसूल झाले.

तक्रार आहे ती पट्ट्यांची. पन्नासची डबी ९५० ला, म्हणजे एका तपासणीला १९ रुपये. रोज चारदा तपासणाऱ्या इन्सुलिनवाल्यांनी काय करायचं? घेताना मीटरची किंमत बघू नका, पट्टीची विचारा. शिवाय एका दुकानानं मला मुदत संपायला वीस दिवस राहिलेली डबी दिली. मी घरी येऊन पाहिलं, तोवर उघडून झाली होती. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डबीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवू नये. जुलैत माझ्या दहा पट्ट्या दमटपणानं वाया गेल्या, मीटर नुसतं ‘एरर’ दाखवत राहिलं.

एक मात्र लक्षात ठेवा, मीटर डोळ्याचा पडदा बघत नाही, मूत्रपिंड बघत नाही. वर्षातून एकदा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यावंच लागतं. तळपाय मी रोज रात्री आरसा धरून बघते. आकडा चांगला आला म्हणून स्वतःच्या मनानं गोळी कमी करू नका.

मागच्या महिन्यात एचबीएवनसी ७.१ आलं. गोळी तीच आहे, सकाळचं सत्त्व तेवढं बंद झालंय.