इंग्रजी अलंकारांचा कार्डसंच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी बारावीला आहे. इंग्रजीच्या पेपरात कवितेवरील प्रश्नांत अलंकार ओळखून तो स्पष्ट करावा लागतो आणि नेमके तिथेच तिचे अडत असल्यामुळे जुलैमध्ये एम. जी. रोडवरून हा ९६ कार्डांचा संच आणला. पुढे इंग्रजी ओळ, मागे अलंकाराचे नाव व व्याख्या, अशी मांडणी आहे. रोज रात्री जेवणानंतर दहा कार्डे, हा क्रम आम्ही फेब्रुवारीपर्यंत पाळला.

रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती महिनाभरात पक्क्या झाल्या. उपमेच्या कार्डावर मात्र 'लाइक किंवा ॲज दिसले की सिमिली' एवढेच छापले आहे. त्या भरवशावर मुलीने 'शी वर्क्स ॲज अ नर्स' या वाक्यापुढे सिमिली लिहिले. ती बाई खरोखरच नर्स आहे, तिथे तुलना कुठली? दोन भिन्न वस्तूंमधले साम्य दाखवले असेल तरच उपमा, हे मी कार्डावर पेनाने लिहिले.

अनुप्रासासाठी ओळ देवनागरीत लिहून पाहण्याचा उपाय उत्तम ठरला. 'सिटी' आणि 'कॅट' यांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, पण ध्वनी वेगळे; 'फोटो' आणि 'फॅन' यांचे नेमके उलटे.

संच खरा कमी पडतो तो मेटॉनिमी (एखादी गोष्ट तिच्याशी निगडित दुसऱ्या गोष्टीच्या नावाने सांगणे) आणि सिनेकडकी (भागाच्या नावाने पूर्ण वस्तू सांगणे) यांत. राजसत्तेसाठी 'क्राउन' आणि कामगारांसाठी 'हँड्स', ही कार्डे ती कित्येक आठवडे एकमेकांत मिसळत होती. वास्तविक मराठी व्याकरणातली लक्षणा, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी निगडित अर्थ घेणे, इथे फार कामी येते. 'अख्खे नाशिक पूर पाहायला रामकुंडावर लोटले' असे आपण म्हणतो तेव्हा गाव जागचे हललेले नसते, गावाच्या नावाने माणसे सांगितलेली असतात, ही मेटॉनिमी. 'घरात खाणारी सहा तोंडे आहेत' यातले तोंड मात्र त्या माणसाचाच अवयव आहे, म्हणून ती सिनेकडकी. मुकुट राजाच्या देहाचा भाग नाही, हात कामगाराच्या देहाचा आहे, हे ध्यानात आल्यावर तिची गफलत थांबली.

ऑक्सिमोरॉनचे, म्हणजे दोन परस्परविरोधी शब्द एकत्र आणणाऱ्या अलंकाराचे, कार्ड मला फार आवडले. ग्रीकमधील 'तीक्ष्ण' आणि 'बोथट' या अर्थांचे शब्द जोडून ते नाव झाले आहे, म्हणजे नावच स्वतःचे उदाहरण आहे. मुलीला ते पुन्हा वाचावे लागले नाही.

आता सराव चाचणीत नावे बरोबर येतात, परंतु स्पष्टीकरण कसे लिहावे याचा नमुना संचात कुठेही नाही. कशाला काय म्हटले आहे आणि का, अशी दोन वाक्ये प्रत्येक कार्डासाठी आम्हीच वहीत लिहिली. संच घेणाऱ्यांनी अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.