पिकअपची स्नो चेन: पुण्यातच पारखून घ्या

डिसेंबर लागला की बाणेर, वाकड, हिंजवडीच्या पार्किंगमधल्या व्ही-क्रॉस आणि हायलक्स पिकअप मनाली-काश्मीरकडे निघायला लागतात. फोर बाय फोर आहे, ऑल टेरेन टायर आहेत, मग चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी, कशाला, असा बहुतेकांचा हिशोब असतो. ताज्या, भुसभुशीत बर्फात तो चालूनही जातो. पण दिवसभर गाड्यांनी दाबलेला आणि रात्री गोठून काच झालेला बर्फ ही वेगळी गोष्ट आहे. फोर बाय फोर चारही चाकांना ताकद देतं, म्हणून गाडी चढते. ब्रेक मात्र टू-व्हील ड्राइव्ह गाडीलाही चारही चाकांना असतो, त्यामुळे थांबायच्या वेळी फोर बाय फोरचा काडीचा फायदा नाही. मनालीजवळ सोलंगहून धुंडीकडे जाताना गाड्या अडतात त्या चढावर, पण एकमेकांवर आदळतात त्या परतीच्या उतारावर.

ऑनलाइन 'स्नो चेन' शोधलं की चार प्रकारचा माल समोर येतो, आणि त्यातला पिकअपच्या कामाचा एकच आहे.

सगळ्यात जास्त खपतात ते प्लास्टिकचे पट्टे. एका चाकाला सहा-आठ, रिमच्या फटीतून ओवून आवळायचे. फसलेली गाडी वीस फूट बाहेर काढायला ठीक आहेत. पण कमी किमतीच्या पिकअपना पत्र्याची रिम असते, तिच्या भोकांतून पट्टा जातच नाही. अलॉयमधून गेला तरी आतल्या बाजूला ब्रेक कॅलिपरला घासतो का, हे गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवल्याशिवाय कळत नाही. घाटभर चालवण्याची ही वस्तू नव्हे. टायरवर चढवायचे कापडी मोजे हलक्या कारला चांगले. दोन टनांच्या गाडीखाली, मध्येच उघडा डांबरी तुकडा लागला की फाटतात. केबलची चेन बारीक असते, जागा कमी खाते, पण कडक बर्फात तेवढी रुतत नाही.

उरली लोखंडी चेन. तिच्यातही शिडीची आणि चौकटीची असे दोन प्रकार आहेत. शिडीच्या चेनमध्ये टायरवर नुसत्या आडव्या साखळ्या येतात. पुढे-मागे पकड मिळते, पण वळणावर गाडी बाजूला सरकायला लागली की अडवायला काही नसतं, आणि दोन पायऱ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे गाडी सतत ठकठकते. चौकटीच्या, म्हणजे डायमंड पॅटर्नच्या चेनमध्ये तिरक्या साखळ्या असतात. चाकाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला तरी लोखंड खाली असतंच, आणि बाजूची पकडही मिळते. पिकअपला हीच घ्यावी, तीही १६ मि.मी.ची, म्हणजे टायरवर तेवढी जाड बसणारी. कारसाठीच्या ७ आणि ९ मि.मी.च्या चेन या वजनाला पुरत नाहीत. ऑस्ट्रियाची पेवाग, जर्मनीची रुड, इटलीची कोनिग ही यातली जुनी नावं. खोक्यावर युरोपीय मानक ईएन १६६६२-१ किंवा जुनं ऑस्ट्रियन मानक ऑनॉर्म व्ही ५११७ (अवजड गाड्यांच्या चेनला व्ही ५११९) छापलेलं असेल तर माल चाचणीतून गेलेला आहे.

बिननावाची चेन हातात आली तर दुकानदाराला विचारून एका कडीवर कानस ओढून बघा. कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते; मऊ लोखंडात ती धरते आणि चकचकीत चरा पडतो. चरा पडला की चेन परत ठेवा. कडीचा जोडही बघा. तो वेल्डने पूर्ण भरलेला हवा, नुसती टोकं टेकवलेली नकोत. बोहरी आळीतून मीटरवर साखळी घेऊन फॅब्रिकेटरकडून जोडून घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा. ती साखळी गेट बांधायला असते. रस्त्याच्या घर्षणाने ती झिजते, तुटते, आणि तुटलेलं टोक चाकाबरोबर फिरत ब्रेकची नळी फोडतं.

मापात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. 'सर्व एसयूव्हींना फिट' याला काही अर्थ नाही. टायरच्या भिंतीवरचा आकडाच खरा. हायलक्सला व्हेरिएंटप्रमाणे २६५/६५ आर १७ किंवा २६५/६० आर १८ टायर येतात. दोन्हींचा व्यास ७७५ मि.मी.च्या आसपास, म्हणून दोन्हींना बऱ्याचदा एकच चेन चालते. व्ही-क्रॉसचा २५५/६० आर १८ त्याहून सेंटीमीटरभर लहान. पण पुण्यात टायर मोठे करून घ्यायची हौस दांडगी. २६५/६५ काढून त्याच रिमवर २६५/७० बसवला की व्यास सुमारे २७ मि.मी.ने आणि परीघ आठ सेंटीमीटरने वाढतो. कंपनीच्या मापाची चेन मग शेवटच्या कडीपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी टायरची हवा कमी करून चेन बसवू नका. हवा भरल्यावर ती तुटते किंवा टायरात रुतते.

दुसरी मोजणी जागेची. टायरच्या आतल्या भिंतीपासून सगळ्यात जवळची वस्तू कोणती ते बघा: मागे पाटे किंवा शॉकअप, पुढे सस्पेन्शनचा वरचा आर्म आणि ब्रेकची नळी. अमेरिकी मापात अगदी बारीक चेनसाठी, म्हणजे क्लास एससाठीसुद्धा, बाजूला १५ मि.मी. आणि टायरच्या माथ्यावर ३७ मि.मी. जागा मागतात. १६ मि.मी.च्या चेनला याहून जास्त लागते. माथ्यावरची जागा सामान भरलेल्या गाडीत मोजा, कारण माल भरला की गाडी बसते. पुढच्या चाकांना हीच मोजणी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून करायची.

चारही चाकांना चेन उत्तम. दोनच घेणार असाल तर पिकअपला मागे. रिकाम्या पिकअपचं मागचं वजन मुळातच कमी असतं, आणि फक्त पुढे चेन लावून उतारावर ब्रेक दाबला की मागचा भाग फिरून पुढे येतो. मॅन्युअलमध्ये कंपनीने कुठल्या चाकाला परवानगी दिली आहे ते लिहिलेलं असतं, तो शब्द शेवटचा. हौद्यात मागच्या ॲक्सलवर वाळूच्या तीन-चार गोण्या पट्ट्याने करकचून बांधा. वजन मिळतं, आणि अडलंच तर चाकाखाली टाकायला वाळूही हाताशी राहते.

चेन बसवण्याचा सराव सोसायटीत करा, उजेडात एकदा आणि हातमोजे घालून अंधारात एकदा. जमिनीवर पसरून पीळ काढा. लवचिक कडं चाकामागून सरकवा, दोन्ही टोकं वर आणून जोडा आणि मग कडं टायरच्या पाठीमागे ढकला. ते मागे नीट न बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पुढून चेन छान दिसते आणि शंभर मीटरवर निघून येते. मग पुढचे हूक, शेवटी खालची ताणसाखळी कुलपातून ओढून उरलेलं टोक अडकवायचं. हुकांची उघडी तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत. पन्नास-शंभर मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. स्वतः ताण घेणारी नसेल तर ही पायरी टाळली की चेन ढिली होऊन फेंडर ठोकते आणि एबीएसची वायर तोडते.

वेगाची कमाल मर्यादा ताशी ५० किलोमीटर; पिकअपने तीसच्या पुढे जाऊ नये. चाक जागेवर फिरवू नका, कड्या त्यानेच तुटतात. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि आत बर्फ नाही. चेन लावून तो पार केलात तर सिस्सूच्या बाजूला झिजलेली चेन घेऊन उतराल. तोंडाशी रुंद जागा बघून काढा, पलीकडे गरज पडली तर पुन्हा लावा.

एकाच दिवसाचं काम असेल तर मनालीत किंवा तंगमर्गला भाड्याने मिळते, बसवूनही देतात. गुलमर्गच्या चढासाठी तेवढं पुरेल. मात्र ती बहुधा शिडीची, मिळेल त्या मापाची आणि तारेने जुळवलेली असते. तार दिसली की दुसरी मागा. स्पिती किंवा लाहौलला चार दिवस राहायचं असेल तर स्वतःचीच हवी.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, कड्यांना तेलाचा हात फिरवा आणि मग पिशवीत भरा. ओली बांधून ठेवली तर पुण्याच्या एका पावसाळ्यात कड्या गंजून एकमेकींना चिकटतात. पुढच्या डिसेंबरला ज्या कडीची जाडी तिसऱ्या हिश्शाने कमी झालेली दिसेल, ती बदलून घ्या. चांगल्या कंपन्यांच्या सुट्या कड्या मिळतात.